रमेश कृष्णन : हलक्या हाताचा खेळ

रमेश कृष्णन यांच्या रॅकेटवरून सुटणाऱ्या चेंडूचा आवाज बेताचाच असे. इव्हान लेंडल आणि बोरिस बेकर यांचा तो काळ. लाकडी रॅकेट मागे पडून ग्रॅफाइटच्या आल्या होत्या आणि टेनिस म्हणजे ताकद, हा समज पक्का होत चालला होता. अशा दशकात मद्रासचा हा खेळाडू चेंडूला जणू नुसता स्पर्श करून परत पाठवत असे. हा खेळ वरवर साधा दिसतो. त्यातली अवघड गोष्ट कुठे आहे, ते कळले की मग त्याची गोडी लागते.

रमेश यांचा जन्म ५ जून १९६१ चा. टेनिस घरातच होते. वडील रामनाथन कृष्णन १९६० आणि १९६१ अशी लागोपाठ दोन वर्षे विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचलेले. वडिलांनी १९५४ मध्ये विम्बल्डनचे कुमार विजेतेपद मिळवले होते; मुलाने तेच १९७९ मध्ये मिळवले आणि त्याच वर्षी फ्रेंच स्पर्धेचे कुमार विजेतेपदही जिंकले. वारशात विजेतेपद आले तशी खेळण्याची रीतही आली.

या रीतीचे मर्म वेळेत आहे. टप्पा पडल्यावर चेंडू वर चढतो, माथ्याला पोचतो आणि मग उतरतो. बहुतेक खेळाडू तो माथ्यावर येईपर्यंत थांबतात, कारण तेवढ्यात रॅकेट मागे नेऊन जोर लावता येतो. रमेश चेंडू चढतानाच घेत, कधी तर टप्पा पडतो न पडतो तोच, ज्याला हाफ-व्हॉली म्हणतात. एरवी हाफ-व्हॉली हा नाइलाजाचा फटका. पायाशी पडलेला चेंडू कसाबसा परतवायचा, एवढेच त्याचे काम. रमेश मात्र तो बेसलाइनवरूनही सहज, ठरवून खेळत. रॅकेट मागे अगदी थोडी जाई, गुडघे वाकत आणि चेंडू जाळीवरून अगदी कमी उंचीने सपाट निघून जाई. जोर बहुतांशी समोरच्याचाच असे. रमेश फक्त दिशा देत. क्रिकेटमधला लेट कट आठवावा. वेगवान चेंडूला फलंदाज मारत नाही, वाट दाखवतो.

म्हणूनच हा खेळ पाहताना नजर चेंडूवर खिळवून उपयोग नाही. ती प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर ठेवावी. जोरकस फटक्यानंतर खेळाडू सावरून मधोमध परततो. त्याला तेवढी उसंत लागते. इथे चेंडू अपेक्षेआधीच परत आलेला असतो. त्याचे वजन अजून एका पायावर असते आणि चेंडू दुसऱ्या बाजूने निघून जातो. फटका हळू आणि तरीही समोरच्याला उशीर! लॉब किंवा ड्रॉप शॉट मारतानाही रॅकेटची सुरुवातीची हालचाल तीच असल्यामुळे अंदाज येत नसे.

या खेळाचे एक उणे लपवण्यासारखे नाही. सर्व्हिस साधारण होती, फार साधारण. मोठे सर्व्हर एका फटक्यात जो गुण घेत, त्यासाठी रमेश यांना आठ-दहा फटके खेळावे लागत. मातीच्या कोर्टवर चेंडू मंद होऊन उंच उसळतो, प्रतिस्पर्ध्याला हरवलेली उसंत परत मिळते. तिथे ही कला बोथट होई. जागतिक क्रमवारीत २३ वे स्थान ही त्यांची सर्वोच्च मजल. एकेरीची आठ विजेतेपदे त्यांनी मिळवली. अमेरिकन ओपनमध्ये १९८१ आणि १९८७ साली, विम्बल्डनला १९८६ साली ते उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. १९८१ च्या त्या सामन्यात जॉन मॅकेन्रोविरुद्ध पहिला सेट त्यांनीच घेतला होता.

१९८७ मध्ये डेव्हिस कपच्या उपांत्य लढतीत भारत आणि ऑस्ट्रेलिया २-२ अशा बरोबरीत होते. सिडनीचे गवताचे कोर्ट, समोर वॉली मसूर. गवतावर चेंडू खाली राहतो, घसरतो. हलक्या हाताला याहून चांगली जमीन नाही. रमेश यांनी सरळ सेटमध्ये सामना जिंकला आणि भारत अंतिम फेरीत गेला. तिथे स्वीडनने यजमान म्हणून गोथेनबर्गला बंदिस्त सभागृहात मातीचे कोर्ट घातले आणि भारत ०-५ असा हरला. कोर्ट बदलले की खेळ किती बदलतो, याचा याहून उघड दाखला सापडणे कठीण.

स्वीडनच्याच मॅट्स विलँडरशी १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत गाठ पडली. विलँडर तेव्हा जगात पहिला आणि स्पर्धेचा गतविजेता होता. बेसलाइनवरून न चुकता, न कंटाळता चेंडू परतवत राहणे हे त्याचे बळ. पण त्यासाठी लागते ती लय. रमेश यांनी ती त्याला सापडू दिली नाही. ६-३, ६-२, ७-६.

१९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तरुण लिअँडर पेसला जोडीला घेऊन ते दुहेरीच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचले. पुढच्या वर्षी त्यांनी निवृत्ती घेतली.