जुन्या मोटारीचे इंजिन पुन्हा बांधावे का?

जुन्या मोटारीचे इंजिन एकदा उघडावे लागले, तर त्यात नवल नाही. तेच काम वर्षाच्या आत पुन्हा निघाले, तर मात्र पहिल्या वेळी दुखण्याचे मूळ सापडलेच नव्हते असे समजावे. हेड गॅस्केट जाणे हे याचे नेहमीचे उदाहरण. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे बोअरवेलचे जड पाणी ओतल्याने रेडिएटर आतून क्षारांनी भरतो. घाटात गाडी तापते, अ‍ॅल्युमिनियमचे हेड किंचित वाकते आणि गॅस्केट जाते. गॅरेजमध्ये नवे गॅस्केट बसते. हेडची पातळी कोणी तपासत नाही, रेडिएटर तसाच राहतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच बिल. अशी गाडी वयाच्या नावाखाली भंगारात काढणे हा तिच्यावर अन्यायच आहे.

म्हणून आधी निदान, मग हिशेब. धूर निळसर असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर ते सिलिंडरमध्ये शिरत आहे. काळ्या धुराचे काम बहुधा इंजिन न उघडता भागते. पेट्रोल गाडीचे प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजता येते. ज्यात दाब कमी भरेल त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेले. तिथेच राहिला तर संशय व्हॉल्व्हवर किंवा गॅस्केटवर. हेडचे काम आणि संपूर्ण इंजिन बांधणे यांच्या खर्चात मोठी तफावत असते, त्यामुळे ही तपासणी झाल्याशिवाय इंजिन उघडायला होकार देऊ नये.

खर्चाची तुलना गाडीच्या बाजारभावाशी करण्याची सवय दिशाभूल करते. समजा, 70 हजारांच्या कामाने गाडी आणखी तीन वर्षे चालणार असेल, तर वर्षाला साधारण 23 हजार पडतात. आठ लाखांच्या नव्या गाडीची किंमत विम्याच्या रूढ तक्त्याप्रमाणे पहिल्या वर्षातच 15 टक्क्यांनी, म्हणजे 1 लाख 20 हजारांनी घटते. मागच्या दुरुस्त्यांवर गेलेले पैसे या हिशेबात धरू नयेत. ते गेले ते गेले.

अर्थात बाकीची गाडी धड असेल तरच हे गणित जुळते. कोकणपट्टीच्या खाऱ्या हवेत खालचा पत्रा आणि सस्पेन्शनचे जोड गंजले असतील, तर इंजिनावर पैसा घालू नये. सुट्या भागांचेही तसेच. जनरल मोटर्सने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली; अशा गाड्यांचा हवा तो भाग मिळेल याची खात्री आधी करून घ्यावी. उलट स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा आणि पुंटो या तिन्ही गाड्यांत फियाटच्या रचनेचे एकच 1.3 लिटर डिझेल इंजिन होते, त्यामुळे त्याची माहिती असलेले कारागीर पुष्कळ आहेत.

खासगी मोटारीची नोंदणी 15 वर्षांची असते. पुढे आरटीओच्या तपासणीनंतर ती पाच वर्षांसाठी वाढते. महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण करही भरावा लागतो. चौदा वर्षांच्या गाडीचे इंजिन बांधताना हा खर्चही जमेस धरावा. इंजिन बांधण्याऐवजी दुसरे जुने इंजिन बसवायचे ठरले, तर ते कुठून आले त्याची कागदपत्रे घ्यावीत आणि नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर चढवून घ्यावा.