देवाचं नगर



ग्रीसच्या राजधानीच्या, अथेन्सच्या, नावामागची कथा आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. नगरीचं पालकपण कोणाकडे, यावरून समुद्रदेव पोसायडन आणि देवी अथीना यांच्यात चुरस लागली. पोसायडनने शहरातल्या अक्रोपोलिस टेकडीच्या खडकावर त्रिशूळ आपटला आणि खारं पाणी उसळलं. अथीनाने ऑलिव्हचं झाड लावलं. ती जिंकली, आणि नगरीला तिचं नाव मिळालं. खाऱ्या पाण्याने ना तहान भागते, ना शेत पिकतं. ऑलिव्हचं तेल मात्र जेवणात, दिव्यात, अंगाला, सगळीकडे लागतं.

पण शहराचं जुनं ग्रीक नाव अथेनाई. मिकेनाई या प्राचीन नगराच्या नावाचा शेवटही असाच. ही नावं ग्रीक भाषा तिथे पोचण्याआधीची असावीत, म्हणजे शहरावरूनच देवीला नाव मिळालं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. मला हे पटतं. भक्ताने देवीला आपल्या गावाचं नाव द्यावं, यात केवढी जवळीक आहे!

इसवी सनपूर्व 480 मध्ये इराणी सैन्याने अक्रोपोलिस जाळलं, त्यात अथीनाचं ते पवित्र ऑलिव्हचं झाडही जळालं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस सांगतो, दुसऱ्या दिवशी लोक पूजेला वर गेले, तर जळक्या बुंध्याला हातभर कोंब फुटलेला.

अथेन्सचं नाव टिकलं; काही नावं मात्र झिजली. इटलीच्या किनाऱ्यावरचं ग्रीकांचं पोसायडोनिया रोमनांच्या काळात पेस्टम झालं. तिथली देवळं आजही उभी आहेत, पण नावातला देव ओळखू येत नाही.

आणि एक नाव अगदी अलीकडचं. सिरोस बेटावरचं एर्मूपोली, म्हणजे हर्मिसचं नगर. यातलं 'पोली' म्हणजे जुनं 'पोलिस', आणि ते आपल्या नागपुरातल्या 'पूर'चं भाषेच्या नात्याने भावंडच. ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात, 1822 साली किओस बेटावर भीषण कत्तल झाली. तिथून आणि इतर ठिकाणांहून जीव वाचवून आलेल्या माणसांनी सिरोसच्या बंदराकाठी वस्ती केली. त्यांत व्यापारी होते, खलाशी होते. सगळे श्रद्धाळू ख्रिस्ती. त्यांनी तिथे चर्च उभारलं. पण 1826 मध्ये गावाचं नाव ठरवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी निवडला हर्मिस: वाटसरूंचा आणि व्यापाऱ्यांचा जुना देव. पुढे कित्येक दशकं ग्रीसचं सगळ्यात मोठं व्यापारी बंदर तेच होतं.