पाठ्यपुस्तकातलं नाटक उभं राहतं तेव्हा



प्राचार्यांनी मला कळवलं होतं की अंबडच्या या कॉलेजात आज पदवी घेणाऱ्या, इंग्रजी साहित्य घेऊन बी.ए. झालेल्या मुलामुलींत काही जण असे आहेत, ज्यांनी तिन्ही वर्षं युवक महोत्सवात एकांकिका केली. दिवसा वर्गात शेक्सपिअर आणि संध्याकाळी तालीम. त्यांना घरी, गल्लीत, बसस्टँडवर एकच प्रश्न ऐकावा लागला असणार: इंग्रजी घेतलं ते बरं केलं, पण हे नाटकाचं खूळ कशाला? आज मी त्या प्रश्नावरच बोलणार आहे. माझ्या मते साहित्य आणि नाटक ही दोन वेगळी कामं नाहीतच.

मी बी.ए.ला असताना मॅकबेथ गाईडमधून केलं. प्रश्न ठरलेले, उत्तरं पाठ, गुण चांगले. नाटक मात्र मी वाचलेलं नव्हतं. पुढे नाट्यशास्त्राच्या वर्गात गेलो, तिथं आमच्या सरांनी दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश काढला. राजाचा खून करून मॅकबेथ खाली येतो आणि नवराबायको एकेका, दोन-दोन शब्दांत बोलतात. कागदावर त्या ओळी इतक्या लहान दिसतात की नजर त्यांच्यावरून घसरून जाते. सरांनी आम्हा दोघांना उभं केलं, खोलीतला दिवा घालवला आणि म्हणाले, ‘वर माणसं झोपलीत. आता बोला.’

आवाज आपोआप खाली आला. एक शब्द बोलायचा, थांबायचं, कुणी जागं झालं का याचा कानोसा घ्यायचा, मग दुसरा शब्द. ते दोघं घाबरलेत हे गाईडमध्येही होतं. ते आता एकमेकांनाही घाबरायला लागलेत, हे मला त्या अंधारात कळलं. समोरची मुलगी अर्धं पाऊल मागं सरली आणि माझा पुढं आलेला हात तसाच हवेत राहिला. त्या अर्ध्या पावलात जे होतं ते माझ्या पाठ केलेल्या एकाही उत्तरात नव्हतं.

पुढे मी स्वतः शिकवायला लागलो. माझ्या वर्गात एक शेतकऱ्याची मुलगी होती. लिहायची नेटकं, पण इंग्रजीत तोंड उघडायची नाही. तिला मी लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश दिला आणि सांगितलं, आधी तुझ्या घरच्या बोलीत कर, इंग्रजीचं नंतर पाहू. ती क्षणभर उभी राहिली आणि मग सरळ उकिडवी बसली. राखेनं भांडी घासावीत तसे तळहात एकमेकांवर घासत म्हणायला लागली, ‘जाईना बाई, किती बी घासलं तरी जाईना.’ वर्ग गप्प झाला. स्कॉटलंडची राणी उकिडवी बसते असं कुठल्याही टीकाग्रंथात लिहिलेलं नाही. पण त्या मुलीनं मध्यरात्री हात धुणारी बाई पाहिली होती, आपल्या अंगणात पाहिली होती.

चार दिवसांनी तोच प्रवेश तिनं इंग्रजीत केला, तशीच बसून. उच्चार दोन-तीन ठिकाणी चुकले. अर्थ एकाही ठिकाणी चुकला नाही. आणि तालीम झाल्यावर तिनं पुस्तक माझ्यापुढे धरून विचारलं, ‘सर, हिच्या ओळी आधी अर्ध्या पानावर तुटायच्या, इथं कडेपर्यंत का छापल्यात?’ मुलांनो, हा प्रश्न फार मोलाचा आहे. तोवर ती बाई पद्यात बोलत असते. मन फाटल्यावर शेक्सपिअर तिच्या तोंडची लय काढून घेतो आणि तिला गद्यात बोलायला लावतो. हे त्या मुलीला कुणी सांगितलं नव्हतं. श्वास कुठं घ्यायचा हे शोधताना तिला ते सापडलं. साहित्याचा अभ्यास म्हणतात तो हाच, आणि तो तालमीच्या खोलीत झाला होता.

पुस्तकातून रंगभूमीकडे जाणारी ही वाट आपल्याकडे जुनी आहे. आगरकरांनी शेक्सपिअरचा हॅम्लेट मराठीत आणला, ‘विकारविलसित’ या नावानं, 1883 साली. त्यातलं काही काम त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात केलं होतं. तो हॅम्लेट पुस्तकात पडून राहिला नाही. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशींनी तो रंगभूमीवर गाजवला. शिरवाडकरांच्या मनात लिअर राजा घोळला आणि 1970 साली ‘नटसम्राट’ उभं राहिलं. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि त्यांनी ‘राजा लिअर’ मराठीत आणलं.

पण तुमच्यासाठी मला जवळचं वाटतं ते महेश एलकुंचवारांचं उदाहरण. यवतमाळ जिल्ह्यातल्या पारवा या गावी जन्म, नागपुरात इंग्रजी साहित्याचं अध्यापन, आणि लेखन मराठीत. युरोप-अमेरिकेची नाटकं कोळून प्यायलेला हा प्राध्यापक जेव्हा ‘वाडा चिरेबंदी’ लिहितो, तेव्हा त्यात विदर्भातलं देशपांडे कुटुंब असतं, दारात गंजणारा ट्रॅक्टर असतो आणि माणसं आपापल्या बोलीत बोलतात. पुढे ‘वाडा चिरेबंदी’ धरून त्याच वाड्याची तिन्ही नाटकं सलग रंगभूमीवर आणली ती चंद्रकांत कुलकर्णींनी, म्हणजे आपल्या मराठवाड्यातून गेलेल्या दिग्दर्शकानं. 2018 मध्ये त्यांनीच नाना जोगांचा मराठी हॅम्लेट नव्यानं उभा केला. परकं साहित्य खोलवर वाचलं की माणूस आपल्या मातीपासून तुटतो, असं मला नेहमी ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. एलकुंचवारांना आपला वाडा अधिक स्पष्ट दिसला, तो इतकं वाचल्यावरच.

आणि परकी भाषा अंबडला काही नवी नाही. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. तुमच्या पणजोबांच्या पिढीनं शाळेत आणि कचेरीत उर्दू पचवली, आणि घरी येऊन एकनाथांची भारुडंही म्हटली. इथून पैठण किती लांब आहे? भारूड हे तरी काय आहे? सोंग घेऊन, आवाज बदलून, समोरच्या माणसाला आत ओढून अर्थ पोचवणं. ज्यानं भारुडात विंचू चावलेली बाई पाहिली आहे, त्याला नट म्हणजे काय हे पुस्तकातून शिकवावं लागत नाही. नवरात्रात इथल्या मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांवर संबळ वाजतो, गोंधळी उभा राहतो, तेव्हा त्याचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा जातो ते नीट पाहा. ते आपलं धन आहे. ते घेऊन शेक्सपिअरकडे जा. तुम्ही रिकाम्या हातानं जात नाही आहात.

पालकांना मला हात जोडून एक सांगायचं आहे. नाटकानं पोट भरतं का, हा तुमचा प्रश्न खोटा नाही. अभिनयावर घर चालवणारे थोडेच असतात, हे मी मुलांनाही स्पष्ट सांगतो. मोसंबीची बाग जळाली की घरात काय होतं हे मला ठाऊक आहे. पण बाई-दादा, तुमची मुलगी उद्या शिक्षिका होईल, वकील होईल, पंचायत समितीत अर्ज घेऊन साहेबासमोर उभी राहील. तालमीत तीन वर्षं काढलेल्या मुलीचा आवाज तिथं बसत नाही. तिची मान खाली जात नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, एकदा नाही, अनेकदा.

संस्थाचालकांकडे माझं मागणं आहे. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेतला विषय घेण्याची सोय केली आहे. विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. तिथं शिकलेले तरुण गावोगाव काम शोधत आहेत. त्यांतल्या एकाला आठवड्यातून दोन दिवस अंबडला बोलवा. नेपथ्य नको, प्रकाशयोजना नको. बाकं हलवता येतील अशी एक खोली आणि संध्याकाळी पाचनंतर तिची किल्ली द्या. युवक महोत्सवाच्या आधीचे पंधरा दिवस नव्हे, वर्षभर द्या.

आणि तुम्ही, आज झगा घालून बसलेल्या मुलांनो. तुमच्यातले काही बी.एड.ला जातील, काही एम.ए.ला, काही शेतीत, काही पुण्याला. नाटक सगळ्यांकडून होणार नाही, याची खंत करू नका. माझं मागणं लहान आहे. जूनमध्ये इथं पहिल्या वर्षाचा नवा वर्ग भरेल. त्यात मागच्या बाकावर गाईड उघडून बसलेला एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. गावात असलात तर एक दिवस कॉलेजात या, ग्रंथालयातून मॅकबेथ काढा, त्याला किंवा तिला उभं करा, आणि दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश दोघं मिळून मोठ्यानं वाचा. आधी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत. दिवा घालवायला विसरू नका.