संगणकाची नवी प्रणाली आणि शाळेचे जुने दप्तर

पारनेर तालुक्यातील कित्येक कुटुंबे पावसाच्या अवकृपेमुळे पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरीत आली आहेत. अशा कुटुंबातील एखादा गृहस्थ तीस-चाळीस वर्षांनी गावी येतो आणि शाळेकडे जन्मतारखेचा उतारा मागतो. त्याचे काम होणे वा अडणे हे जनरल रजिस्टरातील एका ओळीवर अवलंबून असते. ती ओळ पूर्वी केवळ कागदावर असे; आता तिच्या याद्या व नकला संगणकातही साठू लागल्या आहेत. यास्तव संगणकाची कार्यप्रणाली बदलणे हा शाळेच्या दप्तराचाच प्रश्न होय.

हा प्रश्न आज अनेक शाळांपुढे उभा आहे. २०१५ साली आलेल्या विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे संगणक बंद पडत नाही; परंतु नव्याने आढळणाऱ्या दोषांची डागडुजी थांबते आणि घुसखोरीस वाट मोकळी होते. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नसते. अटी चुकवून प्रणाली चढविण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी न लागणेच बरे. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालू शकते. केरळातील सरकारी शाळांनी हा मार्ग फार पूर्वीच धरला आहे, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाची लिनक्स प्रणाली सिद्ध केली आहे.

मात्र प्रणालीस हात लावण्यापूर्वी नकला काढल्या पाहिजेत, आणि चूक होते ती बहुधा येथेच. ‘सर्व काही डी ड्राइव्हवर ठेवले आहे’ असे म्हणून शिक्षक निश्चिंत होतो. पण सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात; डिस्क निकामी झाली की दोन्ही जातात. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली सी कप्प्यातच असतात, याचे स्मरण प्रणाली पुसून नव्याने घातल्यावर होते! एक नकल बाह्य हार्ड डिस्कवर आणि दुसरी शाळेबाहेर, म्हणजे केंद्रशाळेत अथवा शाळेच्या क्लाउड खात्यावर असावी. जुन्या मराठी पोथ्या आजवर टिकल्या त्याही एकीच्या अनेक नकला निरनिराळ्या घरी व मठांत होत्या म्हणूनच. पेन ड्राइव्ह ने-आण करण्यापुरता ठीक. वर्षानुवर्षांच्या साठवणीस तो विश्वासू नव्हे. नकलेत मुलांचे आधार क्रमांक असतील तर ती कुलुपातच हवी.

मराठी शाळेस आणखी एक अडचण आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वीचे पुष्कळ लेखन ‘शिवाजी’, ‘श्रीलिपी’ अशा फाँटांत झालेले आहे. नव्या प्रणालीत तो फाँट नसला की फाइल उघडते खरी, पण दाखल्याच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक खच दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. तो वाचविणारा फाँट हरवलेला असतो. म्हणून फाँटांच्या फाइलीही नकलेत घ्याव्यात, महत्त्वाचे कागद पीडीएफ करून ठेवावेत आणि सवडीने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार व आकडे मूळ कागदाशी ताडून पाहावेत. आडनावातील एक रफार गळला तरी पुढे प्रतिज्ञापत्र करण्याची पाळी पालकावर येते.

नकल झाली एवढ्यावर विसंबू नये. ती दुसऱ्या संगणकावर नेऊन चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. प्रणाली बदलताना वीज गेली तर यंत्र अर्धवट अवस्थेत अडकते. तेव्हा भारनियमनाची वेळ टाळून आणि यूपीएस जोडूनच काम हाती घ्यावे. विंडोज १० वरून ११ वर गेल्यास पहिले दहा दिवस मागे फिरण्याची सोय सामान्यतः असते. त्या दहा दिवसांत प्रिंटर, मराठी टंकलेखन आणि निकालपत्रकांची कोष्टके तपासून घ्यावीत. कागदी जनरल रजिस्टर मात्र संगणक कितीही नवा आला तरी कपाटातच राहावे.