पीळ किती द्यायचा?

(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



शाळेला भेट काय द्यायची, यावर सकाळपासून बोलणं चाललं आहे. माझी सूचना स्वस्तातली आहे. रबरी पट्टीची एक गुंडाळी, थोडं बाल्सा लाकूड आणि आठवड्यातून एक तास आपलं हे सभागृह. मुलांना रबरावर उडणारी विमानं करू द्या.

कुणाला हसू आलं असेल, तर थोडा इतिहास सांगतो. १८७१ साली पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोन्स पेनो या तरुणानं पिळलेल्या रबरावर चालणारं छोटं विमान ११ सेकंद उडवून दाखवलं. रबरावर उडणारं असंच एक खेळणं १८७८ मध्ये राइट बंधूंच्या वडिलांनी मुलांसाठी घरी आणलं. पुढचं तुम्ही जाणताच. आज बंदिस्त जागेतल्या स्पर्धांमध्ये दीड ग्रॅमच्या आसपास वजनाची विमानं अर्ध्या ग्रॅमहून कमी रबरावर वीस मिनिटांहून जास्त वेळ उडतात. रुमानियात स्लानिकच्या मिठाच्या खाणीत त्यांच्या जागतिक स्पर्धा झाल्या आहेत.

या विमानाचं इंजिन म्हणजे रबराचं एक वेटोळं. त्याला आधी सिलिकॉनचं तेल चोळायचं. मग एकानं एक टोक धरायचं, दुसऱ्यानं ते मूळ लांबीच्या पाच-सहा पट ताणायचं आणि ताणलेलं असतानाच पीळ द्यायला लागायचं. निम्मे फेरे झाले की फिरवत फिरवत हळूहळू पुढे यायचं. न ताणता पीळ दिला, तर निम्म्या वाटेतच रबर तुटतं.

पण किती फेरे? तुटेपर्यंत ताणू नये, असं आपण नेहमी ऐकतो. इथे मात्र एक तुकडा तुटेपर्यंत पिळल्याशिवाय बाकीचे कुठवर पिळायचे हे कळतच नाही. एका गुंडाळीचं रबर दुसरीसारखं नसतं. म्हणून त्याच जाडीचा, त्याच लांबीचा नमुना मुद्दाम तोडायचा, फेरे वहीत लिहायचे आणि उडवायचं रबर त्याच्या थोडं अलीकडे थांबवायचं.

पूर्ण पिळलेल्या रबराचा सुरुवातीचा जोर फार असतो. विमान थेट छताला धडकतं. म्हणून जाणकार आधी भरपूर पीळ देतात आणि सोडण्यापूर्वी काही फेरे उलटे काढून टाकतात. फेरे थोडेच कमी होतात, जोर मात्र झपाट्यानं उतरतो. त्यानंतरचा बराच काळ रबर संथ, एकसारखं ओढत राहतं आणि खरं उड्डाण तिथेच होतं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे पीळ शहाणपणानं जाऊ देणं हीच कला आहे.

आता तुमची शंका: आपल्या सभागृहाचं छत बुटकं, इथे चाचणी कशी घ्यायची? त्यावर जुनी युक्ती आहे. रबर पाव लांबीचं घ्यायचं. उरलेल्या पाऊण भागाच्या वजनाची आणि लांबीची काडी त्याला जोडायची. पीळ मात्र त्याच जोरापर्यंत द्यायचा. समजा पूर्ण रबराला १,६०० फेरे बसत असतील, तर इथे ४०० बसतील. विमान साधारण पाव उंची गाठेल आणि पाव वेळ उडेल. अर्धा मिनिट उडालं, तर पूर्ण रबरावर सुमारे दोन मिनिटं धरायला हरकत नाही. खाली आल्यावर उरलेले फेरे मोजायचे. बरेच उरले, तर रबर त्या पंख्याला बारीक पडतं. थोडं जाड आणि आखूड घ्यायचं. एकही उरला नाही, तर थोडं बारीक आणि लांब करून पाहायचं.

म्हणजे मोठं सभागृह मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

ज्या गुरुजनांनी आम्हाला प्रयोगवहीत निरीक्षण आधी आणि निष्कर्ष नंतर लिहायला लावलं, ते आज समोर बसले आहेत. त्या सवयीचा असा स्वच्छ सराव मला दुसरीकडे दिसलेला नाही. रबर मार्कांसाठी तुटत नाही आणि घोकून उडत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना वर्षभर वस्तू तोडून, मोजून, लिहून पाहायची परवानगी मिळावी, एवढीच माझी विनंती आहे. पहिल्या गुंडाळीचे पैसे मी आजच देतो. तास आणि सभागृह तेवढं मुख्याध्यापकांनी द्यावं.