अंतराची किंमत कोण मोजतो?



१९८४ च्या डिसेंबरात भोपाळमध्ये विषारी वायू सुटला, तेव्हा त्याने प्रथम गाठले ते कारखान्यासमोरच्या जयप्रकाशनगरातील झोपड्यांना. त्या संहारामागे यंत्रणेतील दोष होते, तसेच जमिनीच्या वापरातील दोषही होते. पहिल्यांची चर्चा पुष्कळ झाली, दुसऱ्यांची फार थोडी.

पुढे कायदे झाले. १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक उद्योगाची जागा पारखणाऱ्या समितीची तरतूद झाली. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी ठरावीक मर्यादेपलीकडच्या साठ्याची आगाऊ सूचना, आणीबाणीचा आराखडा आणि आसपासच्या रहिवाशांना माहिती देणे बंधनकारक केले. परंतु जुन्या साठ्याकडे नवी घरे सरकत आली तर काय करावे, याविषयी हे नियम मौन बाळगतात. युरोपात १९७६ च्या सेव्हेसो दुर्घटनेनंतर जे निर्देश निघाले, त्यांत १९९६ पासून साठा व वस्ती यांतील अंतर हा भूवापर नियोजनाचाच भाग मानला गेला.

वसई पूर्वेकडील वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात लहान उद्योगांचे गाळे एकमेकांना खेटून आहेत आणि जवळच कामगारांच्या चाळी. अशा ठिकाणी नियमांतील आणखी एक उणीव उघडी पडते. क्लोरीनसाठी सूचनेची मर्यादा १० टन आहे, अमोनियासाठी ६० टन. एकाच मालकाचे ५०० मीटरच्या आतील साठे एकत्र मोजले जातात, निरनिराळ्या मालकांचे नाहीत. एका छपराखालचे दहा गाळेवाले प्रत्येकी मर्यादेच्या आत राहिले, की कागदोपत्री तेथे मोठा धोका उरत नाही. आग मात्र सातबारा पाहून पसरत नाही.

याचे अर्थशास्त्र साधे आहे. सुरक्षित अंतर राखायचे तर मोकळी जमीन राखावी लागते आणि तिला किंमत पडते. साठेदार ती किंमत वाचवतो. शेजारची खोली स्वस्त मिळते, कारण तिच्या भाड्यातील सूट कामगार आपला जीव धोक्यात घालून फेडत असतो. डोंबिवलीत २०१६ व २०२४ च्या मे महिन्यांत झालेल्या स्फोटांत औद्योगिक वसाहतीलगतच्या घरांनाही हादरे बसले, ते याच हिशेबाने.

यावर चाळी उठवणे हा उपाय नव्हे. त्यात धोका सोसणाऱ्यावरच विस्थापन लादले जाईल. लगतच्या गाळ्यांतील साठा एकत्रित मोजावा, धोक्याचे पट्टे विकास आराखड्याच्या नकाशावर दाखवावेत, त्यांत नव्या घरांना परवानगी देऊ नये आणि साठे हलविण्याचा खर्च साठेदारांकडून वसूल करावा, अशी आपली मागणी असली पाहिजे.

१९६६ च्या नगररचना अधिनियमाने आराखड्याच्या प्रारूपावर हरकती नोंदविण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या हरित वसईच्या लढ्याने नियोजनाचा प्रश्न गावोगावच्या सभांत आणला होता. आता तो गाळ्यांलगतच्या चाळींत नेणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.