क्युरिओ म्हणजे काय हो?
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



खाली हॉलमध्ये आपण घराघरांतल्या जुन्या वस्तू मांडल्या आहेत. टेबलावर पाटी आहे, ‘क्युरिओ’. सकाळपासून चार-पाच मुलांनी विचारलं, “आजोबा, क्युरिओ म्हणजे काय हो?” समितीने मला दहा मिनिटं दिली आहेत, ती या एका शब्दावर घालवतो.

क्युरिओ हे ‘क्युरिऑसिटी’ या इंग्रजी शब्दाचं आखूड रूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते रूढ झालं. दूरदेशीहून आणलेली, सहसा न दिसणारी, दिवाणखान्यात ठेवावी अशी चीज म्हणजे क्युरिओ. पण मूळ लॅटिन शब्द आहे ‘क्युरा’, त्याचा अर्थ काळजी, निगा. औषधोपचाराचा ‘क्युअर’ त्यातूनच आला, आणि संग्रहालयाचा ‘क्युरेटर’ही. क्युरेटर म्हणजे निगा राखणारा.

आपल्याकडे शब्द होता अजब. अरबीतून फारसीमार्गे तो मराठीत आला. म्युझियमला जुनी माणसं अजबखाना म्हणत. अजब म्हणताना आपण वस्तूकडे बघून तोंडात बोट घालतो. क्युरिओच्या मुळाशी मात्र ती वस्तू सांभाळणारा माणूस आहे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

असा एक माणूस पुण्यात होऊन गेला, दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०). ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता करायचे. त्यांनी गावोगाव फिरून काय गोळा केलं? दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, स्वयंपाकाची भांडी, वाड्यांचे दरवाजे. राजेमहाराजांपेक्षा सामान्य घरातल्या वस्तूच जास्त. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि पुढे संग्रह सरकारला देऊन टाकला. वीस हजारांवर वस्तू! तेव्हा लोक ज्याला अडगळ म्हणत होते, ते बघायला आज तिकीट काढावं लागतं.

आपला पालघर जिल्हा तरी कुठे मागे आहे? १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला. आत दगडी पेटी आणि तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक मिळाले. तिथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. पंडितजींनी ओळखला नसता, तर पायरीचा दगड म्हणून तो कुठे लागला असता सांगता येत नाही.

आता कायद्याचं थोडं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे साधारणपणे शंभर वर्षांपूर्वीची वस्तू ‘पुरावस्तू’ ठरते. हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षं पुरतात, तीही काही विशेष मोल असेल तर. अशा वस्तू खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. आपल्या आजीचा तांब्याचा बंब बहुतेक या वयात बसणार नाही. म्हणजे त्याला कायद्याचं संरक्षण नाही. तो राहिला तर आपल्या निगेनेच राहणार.

मी बँकेतला माणूस. सोनेतारण कर्ज देताना सराफ दागिना वजन करतो, खडे वजा करतो, घडणावळ धरतच नाही. बँकेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. भंगारवालाही तेच करतो. पण घरच्यांनीसुद्धा तसंच करावं का? फ्लॅटचं नूतनीकरण निघालं की पहिली गदा येते पितळी डब्यांवर आणि पाट्या-वरवंट्यावर.

एमआयडीसी आणि अणुवीज केंद्रामुळे बोईसर-तारापूरला कुठकुठून माणसं आली. कुणी साताऱ्याहून, कुणी खानदेशातून, कुणी थेट बिहारमधून. प्रत्येक घरात गावाकडची एखादी वस्तू आहेच. टेबलावर धान्य मोजायची पायली आहे. आजच्या किती मुलांना ‘पायली’ म्हणजे काय ते ठाऊक आहे? आधी वस्तूचं काम जातं, मग नाव जातं, आणि मग वस्तू जाते.

आणि एक दुरुस्ती सुचवतो. त्या टेबलावर तारपाही ठेवला आहे. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचं पान यांचं ते वाद्य. मंडळी, तो क्युरिओ नव्हे! आपल्यापासून थोड्या अंतरावरच्या पाड्यांवर तो आजही वाजतो आणि त्याच्याभोवती फेर धरून माणसं नाचतात. शेजाऱ्याच्या चालत्या वस्तूला आपण दिवाणखान्यातली शोभा समजू नये. तिथली पाटी बदलून नुसतं ‘तारपा’ लिहावं, ही समितीला विनंती.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं. सगळंच सांभाळायला आपल्या वन-बीएचकेत जागा नाही, हे मलाही कळतं. म्हणून प्रत्येक घराने एकच वस्तू निवडावी. तिच्याखाली एक चिठ्ठी चिकटवावी: वस्तूचं नाव, कुठल्या गावची, कुणी वापरली, कशासाठी. हे सांगणारी माणसं घरात आहेत तोवर, म्हणजे या दिवाळीच्या आत, लिहून घ्या. चिठ्ठीवाली वस्तू पुढची पिढी वजनावर घालणार नाही, अशी मला आशा आहे.